डोळ्यांत तेल घालणारे यंत्र

दिवाळी अंक हातात पडला की माणूस आधी कोणते पान उघडतो, यावरून त्याची परीक्षा करावी, असे आमच्या छापखान्यात येणारे एक वृद्ध संपादक म्हणत असत. कोणी वार्षिक भविष्य काढतो, कोणी व्यंगचित्रे चाळतो, कोणी स्पर्धेचा निकाल शोधतो. माझी पंचाहत्तरी उलटली. पण मी अजून मुलांचे पान आधी उघडतो. तेथे दोन चित्रे शेजारी शेजारी छापलेली असतात आणि वर लिहिलेले असते, ‘दहा फरक ओळखा’. एका चित्रात आकाशकंदिलाला पाच शेपट्या, तर दुसऱ्यात चार. एकीकडे मांजर डावीकडे पाहते आहे, दुसरीकडे उजवीकडे. एवढे हुडकण्यात मला जे सुख मिळते, ते कथा-कादंबऱ्यांत मिळत नाही. खोटे कशाला बोलू?

गेल्या दिवाळीत मी असाच पेन्सिल घेऊन बसलो होतो. आठ फरक सापडले होते आणि उरलेल्या दोघांनी माझा छळ मांडला होता. शेजारी भाच्याची मुलगी येऊन बसली. वय वर्षे सात. थोडा वेळ तिने माझी धडपड पाहिली आणि मग अगदी सहज म्हणाली, “आजोबा, हे तर बाबांचा कॉम्प्युटर करतो. रोज रात्री करतो. एका मिनिटात!”

वाचकहो, मला राग आला, हे कबूल करतो. कारण ज्या कामाला ही पोर ‘कॉम्प्युटर करतो’ म्हणाली, त्याच कामावर मी गिरगावातील एका छापखान्यात चाळीस वर्षे पोट भरले. मी मुद्रितशोधक होतो, प्रूफरीडर म्हणा. डाव्या हाताला लेखकाची मूळ प्रत, उजव्या हाताला प्रूफ, आणि दोहोंत फरक पडला की समासात खूण. माझा सारा जन्म ‘फरक ओळखा’ या एका सदरात गेला.

या धंद्यात शिरलो तेव्हा आमच्या वडील शोधकांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली होती. “चूक दुरुस्त होऊन आली की दुरुस्त झालेला शब्द सगळेच पाहतात. तू त्याच्या आजूबाजूच्या ओळी पाहा.” तेव्हा कळले नाही, पण महिनाभरात कळले. खिळ्यांच्या जुळणीत एक चुकीचा खिळा उपटून दुसरा बसवताना शेजारचा सैल होतो, घसरतो, कधी निसटून खालीच पडतो. म्हणजे ‘कमळ’ दुरुस्त झाले आणि त्या भरात शेजारची ‘विमला’ ‘विला’ होऊन बसली! जी ओळ काल शुद्ध होती, ती आज सुधारणेच्या पायी अशुद्ध झाली. संगणकाच्या लोकांनी याच दुखण्याला ‘रिग्रेशन’ असे भारदस्त नाव दिले आहे. चालते ते बिघडणे, आणि तेही दुसरेच काही सुधारताना. ते डोळ्यांनी दिसणारे असेल, तर त्याच्या तपासणीला म्हणतात ‘व्हिज्युअल रिग्रेशन टेस्टिंग’. नाव ऐकून घाबरू नये. मुलांच्या पानावरचाच खेळ आहे.

पण आमच्या घरी तो खेळ म्हणून आला नाही. कसा आला ते सांगतो.

माझी धाकटी बहीण डोंबिवलीला राहते. यजमान गेल्यावर तिने फराळ करून विकण्याचा उद्योग आरंभला. प्रथम शेजारपाजार, मग ओळखीपाळखी, आणि मग परदेशी गेलेल्या मुलांना डबे. हळूहळू चाळीतल्या सहा-सात बायका तिच्या हाताखाली आल्या. कोणी चकल्या पाडते, कोणी करंज्यांना मुरड घालते. भाचा संगणकातला. त्याने आईसाठी एक वेबसाइट करून दिली. न्यू जर्सीत बसलेल्या माणसाने फोनवर पदार्थ निवडावेत, पत्ता लिहावा, पैसे भरावेत, आणि डोंबिवलीतून डबा निघावा! परदेशचे डबे दिवाळीच्या तीन आठवडे आधी निघाले नाहीत तर वेळेवर पोचत नाहीत, म्हणून तिची खरी दिवाळी नवरात्राच्या आसपासच सुरू होते.

२०२२ सालच्या त्या दिवसांत भाच्याच्या मनात आले की, सणासुदीला पानाच्या माथ्यावर एखादी सुंदर फिकट पट्टी असावी. वेबसाइटचे रंगरूप ज्या नियमांनी ठरते, त्यांची एक वेगळी वही असते. ‘कॅस्केडिंग स्टाइल शीट्स’ हे तिचे नाव. हाकून व्हिउम ली या नॉर्वेच्या गृहस्थाने १९९४ साली ती कल्पना मांडली. कॅस्केड म्हणजे धबधबा. वर एक नियम लिहावा आणि तो खाली जेथे जेथे लागू पडेल तेथे तेथे झिरपत जावा, अशी ही रचना. सोय मोठी, पण वर सांडलेले पाणी खाली कोणाच्या घरात शिरेल, हे वर उभे राहून दिसत नाही. भाच्याने त्या वहीतला ‘मुख्य रंग’ केशरी होता तो सायीसारखा पिवळट पांढरा केला. पट्टी छान दिसू लागली. त्याने आपल्या मोठ्या पडद्यावर पान नीट पाहिले. शिवाय त्याने एक आपोआप चालणारी चाचणीही लिहून ठेवली होती. ती पदार्थ निवडी, पत्ता भरी, ‘मागणी नोंदवा’ हे बटण शोधून दाबी आणि मागणी नोंदली गेली की ‘पास’ म्हणे. तीही पास झाली. भाचा निश्चिंत झोपला.

झाले होते असे की, मोठ्या पडद्यावरच्या मांडणीत त्या बटणाला पूर्वीच वेगळा तपकिरी रंग दिलेला होता. फोनच्या मांडणीत मात्र ते ‘मुख्य रंगा’वर अवलंबून होते. बटण सायीच्या रंगाचे, वरची अक्षरे पांढरी आणि मागचे पानही पांढरे! दुधात साखर म्हणतात ना, तसे ते विरघळून गेले. चाचणीच्या यंत्राला त्याचे काय? त्याला डोळे नव्हते. बटण आहे का? आहे. दाबले जाते का? जाते. उत्तीर्ण!

आणि बहिणीची गिऱ्हाइके तर बहुतेक सगळी फोनवाली. तीन दिवस जवळजवळ एकही मागणी आली नाही. ती बिचारी समजली, यंदा लोकांचा हात आखडला. किंवा दुसऱ्या कोणाचा फराळ स्वस्त निघाला. चौथ्या दिवशी तिने बायकांना सांगितले, “उद्यापासून येऊ नका, काम नाही.” त्यांतल्या दोघींची दिवाळी त्याच रोजगारावर होती. त्या काही बोलल्या नाहीत. डब्यात आपली झारी आणि सोऱ्या घालून निघून गेल्या. त्याच रात्री अमेरिकेतून आमच्या चुलतभावाचा फोन आला, “अगं, दुकान बंद केलंस का? पत्ता भरला की खाली काहीच नाही!”

भाच्याने दहा मिनिटांत रंग सुधारला. पण तीन दिवस गेले ते गेले, आणि परदेशच्या डब्यांची मुदत टळली ती टळली. बायकांना परत बोलावले. एक आली, दुसरीने तोवर दुसरीकडे काम धरले होते. बहीण मुलाला एका शब्दाने बोलली नाही. त्यामुळेच तो अधिक ओशाळला.

आता भाच्याच्या पुढच्या पराक्रमाकडे वळण्यापूर्वी दोन जुन्या गोष्टी सांगतो. त्या सांगितल्याशिवाय माझ्याच्याने राहवणार नाही, कारण ‘यंत्राने फरक ओळखणे’ ही काही आजची टूम नव्हे.

१९३० साली अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात, फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा नोकरीस होता. आकाशाच्या एकाच भागाची काही दिवसांच्या अंतराने दोन छायाचित्रे घ्यावयाची आणि त्यांत एखादा ठिपका जागचा हलला आहे काय ते पाहावयाचे, हे त्याचे काम. एकेका काचेवर लाखो तारे. शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावयाचे म्हटले तर जन्म पुरणार नाही. म्हणून त्याच्यापाशी ‘ब्लिंक कंपॅरेटर’ नावाचे यंत्र होते. त्यात डोळा लावला की एकदा हे चित्र दिसे, एकदा ते, पुन्हा हे, पुन्हा ते. जे तारे स्थिर ते स्थिरच राहत. जो हलला असेल तो इकडून तिकडे उडी मारताना दिसे. २३ आणि २९ जानेवारीला घेतलेल्या दोन काचा १८ फेब्रुवारी रोजी तपासताना असा एक बारीक ठिपका उडी मारताना दिसला. तो प्लुटो! पुढे २००६ साली पंडितांनी त्याला ग्रहांच्या पंक्तीतून उठवून बटुग्रह ठरवले, हा भाग निराळा. चोवीस वर्षांच्या पोराच्या डोळ्यांनी तो पकडला, हे काही त्यामुळे खोटे होत नाही.

दुसरी गोष्ट तर आमच्याच पेशातली. शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह १६२३ साली लंडनमध्ये छापला गेला. त्या काळी छपाई चालू असतानाच चूक दिसली तर यंत्र थांबवून दुरुस्त करीत आणि पुढे छापीत. पण आधी छापलेले कागद फेकून देत नसत. (कागद महाग! आमच्या मालकांनीही फेकू दिले नसते.) त्यामुळे एका प्रतीतले पान दुसरीतल्या पानाशी अक्षरशः जुळेलच असे नाही. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात या ग्रंथाच्या ८२ प्रती आहेत. चार्ल्टन हिनमन नावाच्या प्राध्यापकाने त्यांतल्या पन्नासाहून अधिक प्रती पानापानाने ताडून पाहावयाच्या असा विडा उचलला. उघड्या डोळ्यांनी हे होणे नाही. तेव्हा त्याने १९४०च्या दशकाच्या अखेरीस आरसे आणि लुकलुकणारे दिवे यांचे एक यंत्र रचले. दोन प्रतींतील एकच पान एकावर एक पडल्यासारखे दिसे आणि दिवे आलटून पालटून लागत. पाने सारखी असली तर सारे शांत. एखादा स्वल्पविराम जरी बदललेला असला, तरी तेवढाच पानावर नाचू लागे! या उद्योगातून १९६३ साली त्याचे दोन खंड निघाले, आणि कोणते पान कोणत्या जुळाऱ्याने जुळवले असावे, इथवर त्याने शोध लावला. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या अनाम जुळाऱ्यांच्या सवयी! हे मी प्रथम वाचले तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

असो. भाच्याच्या डाइनिंग टेबलाकडे परत येऊ. दिवाळी आटोपल्यावर एका रविवारी तो तेथे लॅपटॉप मांडून बसला आणि मला म्हणाला, “मामा, तुम्ही शेजारी बसा. तुमचाच धंदा मी आता यंत्राला शिकवणार आहे.”

या कामासाठी आधी असा ब्राउझर लागतो, जो पान उघडतो, रंगवतो, त्याचा फोटोही काढतो. पण पडद्यावर काही दाखवत नाही. याला ते लोक ‘हेडलेस’ म्हणतात, म्हणजे बिनमुंडक्याचा! मला वाटले पोरगा चेष्टा करतो. पण या प्रांतात सगळी भुतावळच आहे. २०११ साली असा एक ब्राउझर निघाला, त्याचे नाव ‘फँटम’. त्याच्या मदतीला आला ‘कॅस्पर’, तो मुलांच्या चित्रमालिकेतला मनमिळाऊ भूतबाळ. तिसरा ‘स्लायमर’, तो एका सिनेमातला हिरवा पिशाच्च. आणि बीबीसीच्या बातम्यांची वेबसाइट सांभाळणाऱ्या मंडळींनी जुन्या-नव्या पानांचे फोटो ताडून पाहणारे एक साधन केले, त्याचे नाव ‘रेथ’; म्हणजे पुन्हा प्रेतात्माच! फँटमचे काम २०१८ साली थांबले, कारण त्याच्या आदल्याच वर्षी गूगलच्या क्रोमला स्वतःलाच बिनमुंडक्याने वावरता येऊ लागले. भाच्याने घेतले ते साधन मायक्रोसॉफ्टने २०२० साली काढलेले ‘प्लेराइट’. नाटककार! नावे ठेवण्यात ही जमात हौशी खरी.

त्याने आधी पाने निवडली. सगळी वेबसाइट नव्हे. जेथे चूक झाली तर पोटावर पाय येईल अशीच. पहिले पान, पदार्थांची यादी, एका पदार्थाचे पान, टोपली, आणि ते कुप्रसिद्ध मागणीचे पान. ही पाच. प्रत्येक तीन रुंदींत पाहावयाचे: फोन, टॅबलेट आणि मोठा पडदा. आणि तीन जातींच्या ब्राउझरांत, कारण क्रोममध्ये नीट बसलेली ओळ आयफोनच्या सफारीत मोडू शकते. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. पंचेचाळीस फोटो.

यंत्र चालवले आणि पहिल्याच खेपेला त्याने निकाल दिला, ‘नापास’! मी हसलो. भाचा म्हणाला, “बरोबर आहे. ताडून पाहायला जुना फोटोच नाही. आता त्याने हे पहिले फोटो ठेवून घेतले. हीच आपली मूळ प्रत.”

‘मूळ प्रत’ म्हटल्यावर मी चष्मा पुसला. कारण मूळ प्रतीतच चूक असेल, तर शोधक ती चूक इमानाने राखीत बसतो. यंत्र तर त्याहून इमानी. मी ते पंचेचाळीस फोटो एकेक करून वाचले. एका ठिकाणी ‘शंकरपाळे’चे ‘शंरकपाळे’ झाले होते. दीड वर्ष ते तसे होते आणि एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती. आपल्या लोकांची सहनशक्ती! ते सुधारून मूळ प्रत पुन्हा घेतली.

दुसऱ्यांदा यंत्र चालवले. कोणी काहीही बदललेले नव्हते, तरी अकरा फोटो लाल! माथ्यावर ‘दिवाळीला उरले इतके दिवस’ असा आकडा होता. तो घड्याळाप्रमाणे बदलतो. पदार्थांची चित्रे आपोआप सरकत होती. एका फोटोत चकली पकडली गेली, दुसऱ्यात बेसनाचा लाडू. पत्त्याच्या चौकटीत लुकलुकणारी उभी रेघ एकदा होती, एकदा नव्हती. ‘फक्त ३ डबे शिल्लक’ हा आकडा खऱ्या साठ्यावरून येत होता. मला वाटले होते की, कठीण भाग फोटो काढण्याचा असेल. तो तर दोन ओळींचा निघाला. सारा रविवार गेला तो पानाला ‘स्थिर बसव’ म्हणण्यात. स्टुडिओत लहान मुलाचा फोटो काढताना असेच होते. भाच्याने यंत्रापुरते घड्याळ एका तारखेवर बांधून ठेवले, सरकती चित्रे थांबवली, खऱ्या साठ्याऐवजी खोटा ठराविक साठा दिला, आणि जे थांबेचना त्यावर रंगीत ठिगळ लावून ‘येथे पाहू नकोस’ असे सांगितले. अक्षरांचे फाँट पूर्ण उतरेपर्यंत फोटो घ्यावयाचा नाही, हेही ठरवावे लागले. नाहीतर आधी एका वळणाची अक्षरे दिसतात आणि क्षणात दुसऱ्या.

संध्याकाळी सगळे हिरवे झाले. बहिणीने चहा केला. भाचा म्हणाला, “आता हे माझ्या लॅपटॉपवर नको. मी विसरेन. मी काहीही बदल केला की भाड्याच्या संगणकावर हे आपोआप चालले पाहिजे.” तशी सोय असते. त्याने ती केली, आणि पंचेचाळीसच्या पंचेचाळीस फोटो लाल! उघडून पाहतो तो काय, चित्रे जागेवर, चौकटी जागेवर, पण मराठी अक्षर एकही नाही. ‘चिवडा’च्या जागी रिकामे चौकोन, ‘कडबोळी’च्या जागी रिकामे चौकोन. त्या दूरच्या संगणकावर देवनागरीचा फाँटच नव्हता. या चौकोनांना जगभर ‘टोफू’ म्हणतात, म्हणजे सोयाबीनचे पनीर. आणि ‘टोफू नको’ या अर्थानेच गूगलने आपल्या फाँटांचे नाव ‘नोटो’ ठेवले आहे. फाँट घातला, अक्षरे आली, तरी फोटो लालच. कारण प्रत्येक यंत्रणा अक्षरांच्या कडा आपापल्या पद्धतीने घोटते. डोळ्याला कळत नाही, पण ठिपका ठिपका मोजणाऱ्याला कळते. त्यावर तोडगा एकच: मूळ प्रतही त्याच संगणकावर काढावयाची, ज्यावर पुढे ताडावयाचे. भाच्याने ब्राउझर, फाँट आणि बाकी सामान एका ‘कंटेनर’मध्ये, म्हणजे एका डब्यातच, भरून टाकले. डबा जेथे उघडावा तेथे चव तीच. फराळवालीच्या मुलाला हे सुचावे यात नवल नाही. पण ती युक्ती या धंद्यात सर्रास आहे म्हणे.

आता एक हिशोब सांगतो. भाच्याशी माझे एकच कडाक्याचे भांडण झाले ते त्यावरून.

किरकोळ फरकांसाठी सारखी ओरड नको म्हणून त्याने यंत्राला सांगितले होते की, शंभरात एक ठिपका वेगळा असला तरी चालेल. ऐकायला हे फार कडक वाटते. पण फोनवरचे एक लांब पान घ्या. रुंदी ३९० ठिपके, लांबी ५,०००. गुणाकार साडेएकोणीस लाख. त्याचा एक टक्का म्हणजे १९,५००. आणि किमतीतला एक आकडा बदलला, समजा ६५० चे ८५० झाले, तर बदलतात फार तर शंभर-सव्वाशे ठिपके! म्हणजे दीडशे आकडे चुकले तरी यंत्र म्हणेल ‘ठीक आहे’. मला हे तेव्हा माहीत नव्हते. मी दर आठवड्याला सवयीने फोटो वाचीत होतो, एवढेच. एके दिवशी ‘आमच्या आचाऱ्यांच्या हातची चव’ या ओळीच्या जागी मला दिसले, ‘आमच्या आचार्यांच्या हातची चव’! डोळ्यांपुढे भगवी छाटी नेसून चकल्या तळणारे आचार्य उभे राहिले. झाले असे की, मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या एका नव्या कलमाने अक्षरांमधली एक अदृश्य खूण गाळली होती. आपल्या अर्ध्या ‘र’चे वळण काही ठिकाणी त्या खुणेवर अवलंबून असते, ती गेली की रफार वर चढून बसतो. पान हिरवे! यंत्र मजेत!

मी भाच्याला फोन करून झाडले. तो आधी म्हणाला, “मामा, एवढ्यानं कोणी लाडू घ्यायचं थांबत नाही.” मी म्हणालो, “आज आचारी गेला, उद्या किंमत जाईल.” मग हिशोब मांडला तेव्हा तो गप्प झाला. तेव्हापासून लांब पानांबरोबर लहान लहान तुकड्यांचेही फोटो वेगळे घेतले जातात: किंमत, बटण, शीर्षक. लहान चित्रात लहान फरक मोठा दिसतो. आणि सूट टक्क्यांत न देता मोजक्या ठिपक्यांत दिली जाते.

दुसरा धोका यंत्राचा नव्हे, माणसाचा आहे. यंत्र एवढेच सांगते की वेगळे आहे. चूक आहे असे ते कधीच म्हणत नाही, कारण ते त्याला कळत नाही. मुद्दाम केलेला बदलही लालच दिसतो. मग कोणीतरी पाहून ‘मंजूर’ म्हणावे लागते, आणि नवा फोटो मूळ प्रतीच्या गादीवर बसतो. भाच्याच्या कचेरीत, नाव सांगत नाही, एकदा बटणांचे कोपरे थोडे गोल केले, तर तीनशेहून अधिक फोटो लाल झाले. तीनशे कोण पाहतो? कोणीतरी ‘सर्व मंजूर’ दाबले. त्या तीनशेंत एका पानावरचा पैसे भरण्याचा रकाना खरोखरच कापला गेला होता. तो कापलेला फोटो आता मूळ प्रत झाला, आणि यंत्र त्याचे डोळ्यांत तेल घालून रक्षण करू लागले! आमच्याकडेही शेवटच्या फर्म्यावर रात्री दोन वाजता न वाचता सही करणारे शोधक होते. मीही एकदा केली आहे. त्याचे काय झाले ते येथे सांगण्यासारखे नाही.

हा सगळा खटाटोप पैसे देऊन करवून घेण्याचीही सोय आहे. आपल्या मुंबईचाच एक दाखला देतो. आयआयटीत शिकलेल्या ऋतेश अरोरा आणि नकुल अग्रवाल या दोघा तरुणांनी २०११ साली ‘ब्राउझरस्टॅक’ ही कंपनी मुंबईत काढली. वेबसाइट निरनिराळ्या ब्राउझरांत आणि फोनांवर कशी दिसते, हे घरबसल्या तपासून देणे हा तिचा धंदा. २०२० साली तिने ‘पर्सी’ ही फोटो ताडून पाहणारी अमेरिकन कंपनी विकत घेतली. भाचा म्हणतो, आईच्या दुकानाला एवढे नको. फुकटची साधने पुरतात. खर्च आहे तो वेळेचा आणि चिकाटीचा.

तर ‘मंजूर’ म्हणण्याचे काम आमच्या घरी कोणाकडे आले, हे आपण ओळखलेच असेल. भाच्याने केलेले बदल भाच्यानेच मंजूर करावयाचे नाहीत, असा नियम बहिणीने घातला. छापखान्यातही जुळाऱ्याचे प्रूफ जुळाऱ्याने तपासावयाचे नाही, हीच रीत होती. तिला ती कोणी सांगितली कोण जाणे. तेव्हा भाच्याने काही हलवले की माझ्या टॅबलेटवर तीन तीन चित्रे येतात: जुने, नवे, आणि तिसरे जेथे फरक आहे तेथे लाल ठिपके उठलेले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून मला लाल रंग फार छान दिसतो.

यंदाच्या नवरात्रासाठी भाच्याने परवा रात्री माथ्यावरची पट्टी पुन्हा बदलली. या खेपेस झेंडूच्या रंगाची. साडेदहाला टॅबलेट वाजला. सगळ्या पानांवर वरच्या बाजूला लालच लाल, ते अपेक्षितच होते. पण मागणीच्या पानावर, फोनच्या रुंदीत, पार तळाशीही दोन बोटे लाली होती. मी भाच्याला उठवले.

“मामा, अहो पट्टीची उंची वाढली म्हणून सगळं पान खाली सरकलंय. चूक नाही ती. मंजूर करा.”

“सरकलंय हे मलाही दिसतंय. बटण दिसतंय का ते सांग.”

“दिसतंय हो.”

“मोठ्या पडद्यावर पाहून सांगतोयस की फोनवर?”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उठल्याचा, चप्पल शोधल्याचा, दिवा लावल्याचा आवाज. आतून बहिणीचा प्रश्न ऐकू आला, “दादाचा फोन का रे? काय म्हणतोय?” पाच मिनिटांनी त्याने आईच्या फोनवरून काढलेला फोटो मला पाठवला. झेंडूच्या रंगाचे बटण, पांढरी अक्षरे. वाचता येत होती, पण उन्हात धरले तर वाचता येतील असे मला वाटेना. मी नामंजूर केले. सकाळी अक्षरे गडद तपकिरी होऊन आली. ती मी बाहेर गॅलरीत, अकराच्या उन्हात नेऊन वाचली आणि मग मंजूर म्हटले. दुपारी बहिणीचा निरोप आला, सोऱ्यावाल्या दोघी सोमवारपासून येणार आहेत.